अकरा नंबरच्या खाटेवरचा आकडा

मी थापा मारतो हे सगळ्यांना माहीत आहे, नाकारत नाही. पण ही हकीकत माझी नाही, माझ्या मावशीची आहे. आणि मावशीला खोटं बोलता येत नाही. शेजारणीच्या चहाला "छान झालाय" म्हणतानासुद्धा तिचा चेहरा पडतो.

मंगळवार होता. भर दुपार, तीनचा सुमार. भेटायला आलेल्यांना बाहेर काढून झालं होतं आणि मावशी छातीच्या वॉर्डात फरशी पुसत होती.

ती तिथे आया होती. दवाखान्यात आयाला सगळेच मावशी म्हणतात, माझी तेवढी खरीच मावशी. बावीस वर्षं पुसून तिचे गुडघे झिजले, फरशी होती तशीच.

आम्ही काळी माणसं. खाणकामाला आणलेल्यांची तिसरी पिढी. वॉर्डात आमच्या लोकांना शेवटच्या खाटा मिळतात, संडासाजवळच्या. असा नियम कुठे लिहिलेला नाही. सवय आहे.

त्या दिवशी बारा नंबरवर आमच्यातलीच एक शिवणकाम करणारी बाई होती. पस्तिशीच्या आतली, घरी दोन लहान मुली. धाप अशी लागली होती, की एक शब्द बोलून पुढच्यासाठी थांबायची.

"मावशी... दम... पुरत... नाही."

मावशीने सिस्टरला तिसऱ्यांदा सांगितलं. सिस्टर काही वाईट नव्हती हो. सलग दुसरी ड्युटी करून उभ्या उभ्या पेंगत होती. तिने बाईच्या बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बघितला, मशीन बघितलं. चौऱ्याण्णव. नव्वदच्या खाली गेल्याशिवाय ना ऑक्सिजन, ना वरच्या मजल्यावर जागा, ना डॉक्टरांना फोन.

"आकडा चांगला आहे. तुमच्या लोकांना घाबरायची सवयच फार."

रागाने नाही म्हणाली... कंटाळून म्हणाली.

मावशी पुन्हा फरशीकडे वळली. हे वाक्य तिने महिन्यापूर्वीही ऐकलं होतं, शेजारच्याच अकरा नंबरपाशी. तिथे आमचा म्हातारा बँडवाला होता, ट्रम्पेट वाजवून पन्नास वर्षं गाल फुगवलेला. तो म्हणायचा, "अगं पोरी, आकडा बरा आहे, मीच बरा नाही."

तो गेला त्याच्या जरा आधीपर्यंत मशीन पंच्याण्णव दाखवत होतं.

अकरा नंबर आता रिकामा होता. चादर ताणलेली.

मावशीने फडकं बादलीत पिळलं...

आणि मागे कुणीतरी श्वास आत घेतला.

लांब. छातीभर. वाजवायच्या आधी घेतात तसा.

मावशी थांबली. श्वास बाहेर पडायची वाट बघत राहिली.

तो पडलाच नाही.

ती वळली. अकरावर कुणी नव्हतं. बारावरची बाई हवेसाठी तडफडत होती. त्या झटापटीत चिमटा तिच्या बोटावरून निसटला आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर जाऊन पडला. खाटा होत्याच तेवढ्या चिकटून. मशीन टीं टीं करायला लागलं, स्क्रीनवर दोन आडव्या रेघा. बोट नसलं की रेघाच येतात.

मावशी चिमटा उचलायला वाकली...

टीं टीं बंद झालं.

चिमट्याचं तोंड हळूच उघडलं. बोटाएवढं.

स्क्रीनवर नाडीची लाट धावू लागली. मग आकडा आला... ब्याऐंशी.

मशीनच्या आवाजाने वैतागून आलेली सिस्टर तिथेच थिजली. तिने चिमटा उचलून स्वतःच्या बोटाला लावला. नव्याण्णव. बाईच्या बोटाला लावला. चौऱ्याण्णव. मग, हात लांब धरून, तो पुन्हा चादरीवर ठेवला.

ब्याऐंशी.

दोघी एकमेकींकडे बघेनात.

सिस्टरने फोन उचलला. रिकाम्या खाटेचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, की बारा नंबर ब्याऐंशीवर आली आहे, लगेच या.

डॉक्टर आले. मनगटातून रक्त काढून तपासायला पाठवलं. पंधरा मिनिटांत चिठ्ठी आली.

ब्याऐंशी.

बाईला ऑक्सिजन लावून धावतच वर नेलं. ती वाचली. अजून शिलाई मशीन चालवते, मुली काजं-बटणं करतात.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "काळ्या कातडीवर हे मशीन कधी कधी जास्त आकडा दाखवतं. शिकवलं होतं आम्हाला. लक्षात कुठे राहतं."

ते गेल्यावर सिस्टर खुर्चीत बसली. तिने विचारलं, "मावशी, त्या बँडवाल्यांचं... रक्त तपासलं होतं का हो?"

"नाही, सिस्टर. आकडा चांगला होता ना."

मशीन दुरुस्तीला पाठवलं. काही दोष सापडला नाही.

मावशी आता घरीच असते. मला मात्र गेल्या महिन्यात त्याच वॉर्डात चार दिवस काढावे लागले, खोकल्यापायी. दम लागतोय, म्हणालो. नव्या सिस्टरने चिमटा लावला. शहाण्णव. छान.

शेजारची खाट रिकामी होती. चिमटा काढून तिच्यावर ठेवावा, असं फार मनात आलं...

मी हात पांघरुणात घेतला.

परवा घरी सोडलं. आकडा चांगला होता. जिना चढताना अजून दोनदा बसावं लागतं.