काळ्या खिडकीतलं घर

ग्रोहोल्म बेटावरच्या शाळेत मुलांपेक्षा संगणक जास्त होते. नगरपालिकेला याचा अभिमान होता. मुलं कमी असल्याची काळजी करण्यापेक्षा ते सोपं होतं.

गुनवोर पाचवी आणि सहावी एकाच वर्गात शिकवायची. तिचा एक हट्ट होता. मुलांना पडद्यावरची रंगीत चित्रं दाबायला शिकवून भागायचं नाही. त्या चित्रांमागे एक काळी चौकट असते, तिथे माउसचं काही चालत नाही, हुकूम अक्षरात टाइप करावा लागतो. ती चौकट मुलांच्या हातात द्यायची. मुलं तिला काळी खिडकी म्हणत. नगरपालिकेचा संगणकवाला ओड्वार तिला दुसरं काहीतरी म्हणे.

“पोरांच्या हातात उघडी सुरी देतेस तू,” तो म्हणाला होता.

“सुरी आम्ही बालवाडीतच देतो, लाकूड तासायला,” गुनवोर म्हणाली. आणि ते खरंच होतं.

फोल्डरात फोल्डर ही गोष्ट मुलांच्या गळी उतरेना, म्हणून तिने त्यांना बेट बांधायला लावलं. बेट हा मोठा फोल्डर, त्याला खऱ्यासारखी खाडीही. त्यात प्रत्येकाचं घर, घरात दारापाशी बोळ, मग स्वयंपाकघर, मग माळा. हुकूम दिला की आत, हुकूम दिला की बाहेर. एक नियम मुलांनीच घातला: कुणाच्या घरात शिरायचं तर बूट बोळात काढायचे. प्रत्येकाने बूट नावाची एक फाइल केली, आत ‘लाल, डावी टाच झिजलेली’ असं काहीबाही लिहिलं. घरात जाताना ती बोळात ठेवायची, निघताना उचलायची. जिथे चिखल लागण्याची सोयच नाही तिथेही पोरं बूट काढतात, याचं गुनवोरला कौतुक वाटलं.

नोव्हेंबरात एका दुपारी, डबे खाऊन झाल्यावर, तिरिल ओरडली. हात वर करणं तिरिलला माहीत नव्हतं.

“गुनवोर, खाडीपलीकडचं घर कुणाचं गं?”

“खाडीपलीकडे घर नाही.”

“आहे की. मी दारात उभी आहे.”

काळ्या खिडकीत घर खरंच होतं. बनवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. गुनवोरने वर्गाला विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. न केलेले गुन्हेही हौसेने कबूल करणारा योर्न, तोसुद्धा गप्प बसला. तिने घर पुसून टाकलं. मधल्या सुट्टीनंतर ते परत होतं, आणि स्वयंपाकघरातून एक जिना खाली जात होता. त्याच्याखाली आणखी एक. ग्रोहोल्म हा सगळा काळा कातळ. इथे कुणी कधी तळघर खणलेलं नाही.

बोळात बूट होते. बरेच. तिने एक फाइल उघडली. आत लिहिलं होतं, ‘ओले.’ दुसरी उघडली. ‘ओले.’ तिसरी तिने उघडली नाही.

तिने ओड्वारला बोलावलं. तो दोन दिवसांनी बोटीने आला, कॉफी मागितली आणि गुनवोरच्या खुर्चीत बसून बरंच काही तपासलं.

“बाहेरून कुणी शिरलेलं नाही. याच खोलीत बसून केलंय.”

“मुलांनी?”

“नाहीतर काय माझ्या आजीने? काळी खिडकी द्यायची आणि वर भुतं शोधायची!” त्याने घड्याळ पाहिलं. “बंदच करतो. सगळ्यांची.”

मुलांनी एकच गलका केला. तिरिलचा मात्र आवाज आला नाही. ती टाइप करत होती.

“तिरिल, ये आता बाहेर.”

“येतेय. माझे बूट सापडत नाहीयेत.”

“मग तशीच ये.”

“दुसऱ्याच्या घरातून अनवाणी? आणि पायऱ्या ओल्या आहेत.”

वर्ग हसला. गुनवोर तिच्याजवळ गेली. हीटर चालू होता, तरी त्या बाकापाशी गारठा होता, आणि ओहोटीनंतर किनाऱ्याला येतो तसा वास. तिरिलचे पाय खुर्चीखाली लोंबत होते. लोकरी मोज्यांचे तळवे भिजून काळे झाले होते.

“करू ना?” ओड्वारने विचारलं. “बोट सुटेल माझी.”

“जरा थांब.”

“कशासाठी?”

गुनवोरला सांगायचं होतं की एक मूल अजून आत आहे. पण मूल समोर बसलेलं होतं. शिकलेल्या बाईने असल्या वेळी काय म्हणायचं असतं?

“कर,” ती म्हणाली.

खिडक्या विझल्या. तिरिलने कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर नीट ठेवले.

आठवडाभराने शाळेतल्या पालकसभेच्या कॉफीला तिरिलची आई बेरित आली. माशांच्या कारखान्यातून थेट, केस अजून टोपीत.

“काय जादू केलीस गं? जेव म्हटलं की जेवते. झोप म्हटलं की झोपते. आधी माझं एक ऐकेल तर शपथ!”

“आणि न सांगता?”

बेरितने विचार केला. “न सांगता कशाला काय करेल? बसते.”

गुनवोरने त्याच दिवशी ओड्वारला फोन लावला. त्याने कुरकुरत, फक्त तिच्यापुरती, काळी खिडकी उघडून दिली. बेट जागेवर होतं. मुलांची घरं होती. खाडीपलीकडे काहीच नव्हतं. तिरिलच्या घरात ती खोली-खोली फिरली. बूट कुठेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने तिरिलला वर्गात थांबवून घेतलं.

“बरी आहेस ना?”

डोळे तिच्याकडेच, शांत.

“कुठे आहेस तू?”

उत्तर नाही.

गुनवोरच्या तोंडून निघून गेलं, “तिरिल, हस.”

तिरिल हसली. तिचंच हसू, पुढच्या दातांतल्या फटीसकट. ती हसत राहिली, एका लयीत, एका पट्टीत, डोळे तसेच शांत ठेवून. बाहेर मुलं बर्फात ओरडत होती.

“पुरे,” गुनवोर म्हणाली. “थांब.”

तिरिल थांबली.

खोली शांत झाली. गुनवोरला बरं वाटलं. श्वास घ्यायलाही सांगावं लागणार आहे, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.