सुटलेल्या वायरीवरचा श्वास

ही गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी विज्ञान शिकलो आहे, आणि मलाच ते अजून ठरवता आलेलं नाही.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. शनिवारची दुपार, ऑफिसचा तिसरा मजला, टेबलावर ऊन. सुट्टी असल्यामुळे मजल्यावर मी एकटाच.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक पट्टी बनवते. ती गादीखाली ठेवायची. आतल्या सेन्सरला छातीची हालचाल कळते आणि मिनिटाला किती श्वास चाललेत ते घरच्यांना फोनवर दिसतं. सेन्सरशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मशीनच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. तो एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने ओळ न् ओळ तपासून मंजूर करायचा, असा नियम.

तपासणारा मी.

चार महिन्यांपूर्वी, पहिल्या तपासणीत, मला एक ओळ खटकली होती. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर तसं कळवत नव्हता. मागचाच आकडा पुन्हा देत होता.

मी शेरा लिहिला. टीमचा प्रमुख खुर्ची ओढत आला. पाठीमागे आम्ही त्याला 'घाईगडबड' म्हणतो.

"अरे शहाण्या, वायर जरा हलली की अलार्म वाजवायचा? लोक पट्ट्या परत पाठवतील."

"पण आकडा खोटा असेल."

"असेल दोन सेकंद. तू काय दहावीचे पेपर तपासतोयस? दे मंजुरी."

मी शेरा पुसला. मंजुरी दिली.

आणि चाचणीची पहिली पट्टी आत्याच्या गादीखाली ठेवली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकटी राहायची. "श्वास कसले मोजता मेल्यांनो, माझी बडबड मोजा!" असं म्हणत तिने पट्टी जुळवण्यासाठी मला दोन तास झोपून दाखवलं होतं. तिचा श्वास मला पाठ झाला होता. दहा-अकरा सरळ श्वास, मग एक लांब अडखळ... आणि लागोपाठ दोन उसासे. असा आलेख मी दुसऱ्या कुणाचाही पाहिला नाही.

ती गेली त्या दिवशी दुपारी तीन वाजता बाबांचा फोन आला.

"आत्या फोन उचलत नाहीये रे. जरा जाऊन येतोस का?"

मी स्क्रीन बघितली. मिनिटाला चौदा श्वास.

"झोपलीय, बाबा. मशीन दाखवतंय ना."

रात्री नऊला शेजाऱ्यांनी दार उघडलं. ती पलंगाजवळ जमिनीवर पडली होती. पडताना हाताला अडकून पट्टीची वायर सुटली होती. नोंदींमध्ये चौदाचा आकडा एक वाजून वीस मिनिटांपासून गोठलेला.

डॉक्टर म्हणाले, "पडताक्षणीच गेल्या असतील. काही कळलंही नसेल."

आमच्या घराने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. सगळ्यात घट्ट मी.

त्या शनिवारी सुधारलेला ड्रायव्हर तपासायला आला होता. पुन्हा माझ्याकडेच. चाचणीला आत्याकडून परत आणलेली पट्टी.

कोड नीट होता. मी वायर उपटली. स्क्रीनवर आलं, 'सेन्सर नाही'.

बरोबर.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग...

आलेख हलला.

वायर माझ्या हातात होती.

भुताचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी बग शोधू लागलो. जुना आकडा अडकला असेल? पण अडकलेला आकडा सरळ रेघ काढतो. ही रेघ वर-खाली होत होती. मी मशीन बंद करून चालू केलं. कोड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. कंप असेल म्हणून एसी बंद केला.

मजला एकदम शांत झाला.

नऊ. दहा. अकरा...

अडखळ.

दोन उसासे.

मला उठता येईना.

बरोबर तीन वाजता रेघ जोरात उसळली. एकदा. दोनदा. जणू कुणीतरी अंग ओढत हात लांबवतंय... वाजणाऱ्या फोनकडे.

मग श्वास विरळ होत गेले.

चार वाजून दहा मिनिटांनी अडखळ आली. मी सेकंद मोजत राहिलो. तीस... साठ... नव्वद...

उसासे आले नाहीत.

'सेन्सर नाही.'

मी नोंदींची फाईल उघडली. एक वीस ते चार दहा, प्रत्येक ओळीत तेच दोन शब्द. सेन्सर नाही. सेन्सर नाही. आलेखाचा मागमूस नव्हता.

सोमवारी मी मंजुरी दिली. द्यायलाच हवी होती, ड्रायव्हरमध्ये चूक नव्हती.

"बघ," घाईगडबड म्हणाला, "एका ओळीचं तर काम होतं!"

पुसलेला शेरा माझाच होता.

हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. पण परवा जेवणानंतर आई आत गेल्यावर बाबांनी हळूच विचारलं,

"मी फोन केला तेव्हा ती... नव्हतीच ना रे? तू शिकलेला आहेस, तुला कळत असेल."

"नव्हती, बाबा."

त्यांनी माझा हात दाबला. "तू सांगितलंस की बरं वाटतं."

मी हात सोडवून घेतला आणि बेसिनवर जाऊन उगाच धुतला.

त्या दुपारी जे दिसलं ते खरं होतं की माझ्या डोक्यातलं, मला माहीत नाही. ते खोटं असावं असं फार वाटतं.

पण तपासायला माझ्याकडे काहीच उरलेलं नाही...