सामायिक कोपरा

आमच्या शाळेच्या लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद असतात. जे चालतात त्यातल्या एकाच्या माऊसचं उजवं बटण आत गेलंय. तो कॉम्प्युटर माझा. म्हणजे शाळेचाच, पण त्यावर दुसरं कुणी बसत नाही. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. नववीत पंडित सरांनी प्रोग्रॅमिंग शिकवायला घेतलं आणि मला पहिल्यांदा असं काहीतरी मिळालं, जे मी सांगेन तसं ऐकतं. आता सर म्हणतात, "धनश्री, मधे मधे श्वास पण घेत जा."

विज्ञान प्रदर्शनासाठी मी गावाचा नकाशा करायला घेतला. कागदावरचा नाही, प्रोग्रॅममधला. त्यातली सगळ्यात लहान वस्तू म्हणजे बिंदू. आधी त्याचा साचा लिहायचा, त्याला क्लास म्हणतात. वीटभट्टीवर असतो ना, तसाच साचा. त्यातून हवे तेवढे बिंदू पाडायचे. प्रत्येकाच्या पोटात दोनच आकडे. एक्स म्हणजे पूर्व-पश्चिम कुठं, वाय म्हणजे दक्षिण-उत्तर कुठं. उंची नाही, खोली नाही, वजन नाही. नुसतं 'इथं'. असे चार बिंदू ओळीनं जोडले की झालं शेत.

पहिल्याच दिवशी मी एक्सच्या जागी वाय टाकला. मोबाईल अक्षांश आधी सांगतो, प्रोग्रॅमला रेखांश आधी लागतात. केज तालुक्यातलं आमचं गाव उचलून थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडलं. सर लई हसले. म्हणाले, "यंदा ऊस तोडायला पांढरी अस्वलं जाणार म्हण की."

आकडे मी दसऱ्याच्या आधीच गोळा केले होते, आई-बाबा कोयते घेऊन कर्नाटकात निघायच्या आधी. मी काकूचा मोबाईल घेऊन शेताच्या एकेका कोपऱ्यावर जायची आणि बाबा तिथल्या दगडावर हात ठेवून उभे राहायचे, फोटो काढत असल्यासारखे. आमच्याकडे हद्दीचा दगड रोवताना त्याच्या खाली कोळसा पुरतात. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. दगड कुणी हलवला तरी खरी जागा कोळसा सांगतो.

पूर्वेच्या कोपऱ्याचा दगड आमचा एकट्याचा नव्हता. पलीकडे अमरसिंह दादांचं रान. सर म्हणाले, "प्रत्येक शेताला बिंदूची आपापली प्रत दे. नाहीतर एकाचा कोपरा हलवला की दुसऱ्याचंही शेत बदलेल."

"पण सर, दगड तर एकच हाय ना? मग बिंदू दोन कावून?"

आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. मी एकच बिंदू ठेवला आणि दोन्ही शेतांना तोच जोडला. बाकीच्या शेतांचंही तसंच केलं.

गाव रिकामं झालं की अमरसिंह दादांच्या बांधावरचे दगड सरकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. टोळ्या ऊसतोडीला गेल्या की त्यांचा ट्रॅक्टर बांधाला घासून फिरतो. बांध बारीक होतो, दगड जरासा इकडं येतो. उन्हाळ्यात लोक परत येतात, भांडतात, दमतात. यंदा मात्र दगड जरासा आला नव्हता. तो आमची विहीर ओलांडून अलीकडे आला होता, म्हणजे विहीर त्यांच्यात गेली. जुन्या जागी इतकं खोल नांगरलेलं की कोळसासुद्धा उधळून गेला.

ती विहीर आहे म्हणून आमचं शेत आहे. ती गेली की सगळं पावसावर, आणि मग पुढच्या दसऱ्याला घरातला प्रत्येक हात कोयत्याला लागणार. माझाही. आमच्या वर्गात जे बाक रिकामे आहेत, त्यावरच्या पोरी तशाच गेल्या.

सुरेखा काकू यंदा बाळंतपणामुळे मागं राहिलेली. लेकरू कडेवर घेऊन ती बांधावर गेली, मी पाठोपाठ. दादा बुलेटवरून उतरलेसुद्धा नाहीत.

"दादा, दगड तिकडं हिरीच्या पल्याड व्हता. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग हितं कसा आला सुरेखा? दगडाला काय पाय असत्यात का?"

ट्रॅक्टरवरचा गडी हसला. काकूनं लेकराचं डोकं पदरानं झाकलं आणि ती मागं फिरली.

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून दादाच आले. शाळेचे कॉम्प्युटर त्यांनीच दिलेले, माझ्या त्या माऊससकट. त्यांची आरोही माझ्याच वर्गात आहे. तिच्या टेबलावर ठिबक सिंचनाचं मॉडेल होतं आणि ते सगळीकडून गळत होतं. दादा माझ्या टेबलापाशी थांबले आणि स्क्रीनवर वाकले.

"हे आमचं रान का?"

"हो."

"हा कोपरा चुकलाय पोरी. हीर आमच्यात हाय."

"आकडे मी सोता घेतल्यात, दादा."

"आकड्याचं काय, ते बदलत्यात की."

मागं उभे असलेले शिक्षक हसले. पंडित सर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. दादांनी माझ्या हातातून माऊस घेतला, बिंदू पकडला आणि ओढला, विहीर ओलांडून अलीकडे. बिंदू एक, शेतं दोन. त्यांचं फुगलं, आमचं आकसलं. आरोहीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मी हसले. अशा वेळी हसावं लागतं. पण मनात मी त्या बिंदूला म्हणाले, चालता येतं ना तुला? मग आता चाल. मी सांगेपर्यंत थांबू नको.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर बिंदू विहिरीच्या पलीकडे होता, मूळच्या जागी. मला वाटलं चुकून जुनी फाईल उघडली. जुनी नव्हती. शाळा सुटल्यावर मी थेट शेतात गेले. दगडही तिथंच. तो कुणी आणून रोवला असता तर माती फुटली असती. काळ्या रानाला उन्हानं पडलेल्या भेगा सलग दगडापर्यंत येऊन थांबल्या होत्या आणि त्याच्या बुडाशी हरळी रुजलेली होती. मी वाकून वास घेतला. उकरलेल्या मातीला एक वास असतो. तो नव्हता.

दादांच्या गड्यांनी दगड उपसून पुन्हा अलीकडे आणला. या वेळी बुडात सिमेंट ओतलं.

सकाळी नकाशात बिंदू मूळच्या जागेच्याही पुढं गेलेला, त्यांच्या रानात. दगड त्यांच्या हरभऱ्यात उभा होता, सिमेंटच्या गोळ्यासकट. भोवतीचा हरभरा कुठंही तुडवलेला नव्हता. घाटे भरलेले, त्यावर दव तसंच.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. प्रोग्रॅममध्ये चूक असते आणि ती शोधायची असते. आधी पासवर्ड बदलला. मग सरांनी बिंदूला कुलूप घालायला शिकवलं. म्हणजे साच्यातच लिहून ठेवायचं की एकदा जन्मला की याचे आकडे बदलायचे नाहीत. कुणी बदलायला गेलं तर प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडतो. आम्ही दोघांनी बदलून बघितला. बंद पडला.

"आता कुणाचा बाप आला तरी हालत न्हाई," सर खुशीत म्हणाले.

शनिवारी तो आणखी आत होता. कुठं चूक दाखवलेली नाही, काही नाही. सरांनी कोड खालपासून वरपर्यंत वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. त्यानंतर ते माझ्या टेबलाकडे यायचेच बंद झाले. माझ्या तासाला आता ते दारात उभे राहून शिकवतात.

दादांनी मोजणी आणली. अर्धा गाव बघायला गेला, मी शाळा बुडवून गेले. मोजणीदारानं मशीन लावलं, मग दगडाखाली उकरायला सांगितलं. कोळसा निघाला. जुना, ओलसर, बारीक मुळ्यांनी विणून गेलेला.

"दगड पहिल्यापास्नं हितंच हाय की," मोजणीदार म्हणाला आणि मशीनचे पाय मिटायला लागला.

दादांनी कुणालाच शिवी दिली नाही. मला त्याचंच नवल वाटलं. ते त्या कोळशाकडे बघत होते.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागं उसाच्या गाड्यांचा आवाज येत होता. "हिरीला पाणी हाय का ग?"

"लई हाय, बाबा."

"आन् दगड?"

"दगड चांगला हाय."

मग त्यांच्या रानाचे बाकीचे कोपरेही हलले. तेही सामायिकच, कुणा ना कुणाबरोबर, आणि ती माणसंही आमच्यासारखीच ऊसतोडीला गेलेली. मी रोज लॅब उघडायच्या आधी दारात उभी असायची. नकाशा उघडायचा आणि बघायचं, आज किती. सगळ्यांची शेतं भरत होती. दादांचं रान मधोमध, धुतल्यावर आटलेल्या कापडासारखं. खरं सांगते, इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती.

एका दुपारी दादा आमच्या घरी आले, चालत. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे राहिले. त्यांना आमच्या दारात अनवाणी मी पहिल्यांदाच बघितलं.

"सुरेखा, पोरीला सांग, ते मिटव म्हणावं."

"काय मिटवायचं, दादा?" काकू लेकराला पाजत होती, उठली नाही.

"त्यो नकाशा. हीर तुमची. लिहून देतो."

"हीर तर आमचीच हाय की."

दादा माझ्याकडे वळले. दाढी वाढलेली. "चारी बाजूनं येत्यात. कालचा गोठ्यात व्हता. आज सकाळी उठलो तर एक माझ्या खाटंच्या पायथ्याला. फरशीतनं वर आलेला. आरोहीची आई म्हनती, त्यो तर पहिल्यापास्नं हितंच हाय, तुमी रोज त्याच्यावर टॉवेल टाकता."

बाहेर डोंगरावरच्या पवनचक्कीचं पातं फिरल्याचा आवाज येत होता.

उपाय मला माहीत होता. एका ओळीचं काम. प्रत्येक शेताला बिंदूची वेगळी प्रत द्यायची, मग कुणाचा कोपरा कुणाला बांधलेला राहत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

काकू माझ्याकडे बघत होती. मी तिच्या डोळ्यात बघितलं, मग दादांच्या पायांकडे.

"दादा," मी म्हणाले, "दगडाला काय पाय असत्यात का?"

काकूनं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं. "च्या ठिवू का दादा?" तिनं विचारलं.

ते गेले. अंगण सोडल्यावर रस्त्याच्या मधोमध चालले. दोन्ही बाजूंना बघत.

मंगळवारी आरोही लॅबमध्ये आली.

मधली सुट्टी होती. ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या वेण्या कुणीतरी घाईत घातलेल्या होत्या.

"धनू," ती म्हणाली. याआधी तिनं मला कधी धनू म्हटलं नव्हतं. "पप्पा कालपासून न्हाईत. बुलेट घरी हाय. चप्पल दारात हाय. मोबाईल चार्जिंगला लावलेला."

"मग?"

"आईला विचारलं तर आई म्हनती, आपलं रान कुठं व्हतं ग? कधी व्हतं?" तिनं ओठ चावला. "तुझ्या नकाशात दिसतं का बघ ना. आमचं रान."

मी फाईल उघडली.

आमचं शेत होतं. विहीर आमच्यात होती, चांगली आत. सगळी शेतं एकमेकांना लागून होती, मधे फट नाही. जिथं ती मिळत होती तिथं एक ठिपका होता.

मी प्रोग्रॅमला विचारलं, दादांच्या रानाचे चार कोपरे सारखे आहेत का?

हो.

चार कोपरे म्हणजे एकच वस्तू आहे का?

हो.

क्षेत्रफळ?

शून्य.

मी जवळ गेले. आणखी जवळ. बिंदूला लांबी-रुंदी नसते, कितीही जवळ जा, तो तेवढाच राहतो. त्यात काही मावत नाही. मग मी त्याचे आकडे उघडले.

दशांशानंतरचे शेवटचे आकडे हलत होते. वाढायचे, जरा थांबायचे, कमी व्हायचे. परत वाढायचे. एका लयीत.

"काय दिसतं?" आरोहीनं विचारलं.

"काय न्हाई ग. मोकळं हाय."

मी फाईल सेव्ह केली. ती उठली नाही. स्क्रीनकडे बघत बोलतच राहिली, पप्पा असं कधी करत न्हाईत, पप्पा न सांगता कुठं जात न्हाईत. ती पप्पा म्हणाली की आकडे भराभरा पळायला लागायचे. ती गप्प झाली की हळू व्हायचे, आणि पुढचा शब्द ऐकायला थांबल्यासारखे थांबायचे.