पाळेवरचे दोन ठोके

प्रफुल, तू या कार्यालयात नवा आहेस, म्हणून तुला सांगते. मला भुताची गोष्ट रंगवून सांगता येत नाही. शिवाय हिच्यात रात्र नाही की स्मशान नाही. भर दुपारचे तीन वाजले होते आणि मी सरकारी कामावर होते.

ऑगस्ट महिना. तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. वैनगंगा फुगली होती. वरून आदेश आला की प्रत्येक माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावाची पातळी आणि फोटो आजच्या आज पाठवा. माझ्या वाट्याला कोसंबटोला आला. रेनकोट चढवला, स्कूटी काढली. पाण्याच्या पातळीची पट्टी वाचायची, फोटो काढायचा आणि परत यायचं, एवढंच काम.

मच्छीमार संस्थेच्या भागीरथाबाई पाळेवरच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरच्या, झोपडीत फाटकं जाळं शिवत बसल्या होत्या. एका बाजूला काठोकाठ भरलेला तलाव. दुसऱ्या बाजूला, पाळेच्या पार खाली, टोल्याची, म्हणजे छोट्या वस्तीची, चाळीस घरं आणि नुकतीच रोवणी झालेलं धान.

“पट्टी पाहाले आल्या, मॅडम?”

“हो. पण बाई, पाळ कोण पाहतं हल्ली?”

“कोनी नाई. चैतूभाऊ पाहे. पाऊस लागला का रोज दुपारी काठीनं पाळ ठोकत जाये. दोन ठोके दे, मंग कान लावे. खेकड्यानं, घुशीनं आतून पोकळ केलं असन तं त्याले आवाजातच समजे.” त्यांनी दाताने दोरा तोडला. “दोन साल झाले त्याले जाऊन. तुमी पट्टी लावली, मंग आमी बी म्हटलं, तलाव सरकारचा, तं पाळ बी सरकारनंच पाहावी.”

मे महिन्यात या पाळेची तपासणी मीच केली होती. म्हणजे काय केलं होतं, तर ऊन मी म्हणत होतं, मी जीपमधूनच पाळेकडे नजर टाकली, ‘पाळ सुस्थितीत’ असं लिहिलं आणि सही केली. खाली उतरलेच नव्हते. त्या महिन्यात असे अकरा तलाव मी जीपमध्ये बसून पाहिले.

तेवढ्यात आवाज आला. ठक्, ठक्. मग शांत. पुन्हा ठक्, ठक्.

भागीरथाबाईंचा हात जाळ्यावर थांबला. “तुमाले बी आयकू आला?”

“कोणीतरी पाळेवर चालतंय, बाई.”

“कोन चालन? त्याची काठी तं त्याच्यासंगच जाळली आमी...”

मी झोपडीबाहेर आले. पावसाच्या पांढऱ्या पडद्यापलीकडे दहा हातांवरचं दिसत नव्हतं. आवाज पुढे जात होता आणि मी त्याच्या मागे. का गेले, ते अजून कळत नाही. ओल्या मातीचा वास, मासळीचा वास, आणि मध्येच बिडीचा. अशा पावसात बिडी कुणाची पेटेल? परत फिरावंसं मात्र वाटेना. भागीरथाबाई माझ्या रेनकोटाला धरून मागोमाग येत होत्या.

एका जागी आवाज बदलला. ठक् नाही, भद्. रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा. पुन्हा भद्. मग काहीच नाही. फक्त पाऊस.

मी वाकून पाळेच्या बाहेरच्या उतारावर पाहिलं. पळसाच्या मुळाशी बोटभर जाडीची धार लागली होती. नितळ पाणी पाझरलं तर घाबरायचं नसतं, जुन्या पाळा पाझरतातच. ही धार गढूळ होती. म्हणजे आतली माती वाहून येत होती आणि पाळ पोटातून खचत होती. संध्याकाळपर्यंत टोला वाहून गेला असता.

मला लाज वाटली, प्रफुल. भीतीपेक्षा लाज जास्त.

तलाव तातडीने उतरवायला हवा होता. त्यासाठी तुडुम उघडायचं, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी मोरीचं लाकडी बूच काढायचं. पण संस्थेने महिन्यापूर्वीच मत्स्यबीज टाकलं होतं. पाण्याबरोबर तेही गेलं असतं. तलावातल्या मासळीचा हक्क त्यांचा. मी बाईंकडे पाहिलं.

“बाई, तुमचं बीज...”

“बीज मंग टाकता येते. टोला कुठून आनू?” त्या म्हणाल्या आणि गावाकडे तोंड करून अशी हाक मारली की पाऊससुद्धा दचकला असेल.

अर्ध्या तासात सगळा टोला पाळेवर होता आणि तुडुम उघडलं होतं. शेतकरी आणि मच्छीमार, पाण्यावरून एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एका रांगेत उभे राहून पाट्या देत होते. धारेच्या तोंडावर आधी रेती, मग गिट्टी, मग दगड. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. देवराव पाटलांनी स्वतःच्या घरासाठी आणलेली रेतीची ट्रॉली उलटी केली. अंधार पडायच्या आत धार नितळ झाली. भागीरथाबाईंनी ओंजळीत पाणी धरून सगळ्यांना दाखवलं आणि मी रडले. अगदी सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी मी लेखी कळवलं की मे महिन्याची तपासणी मी पाळेवरून चालून केली नव्हती. खुलासा मागितला गेला, बोलणी बसली, वेतनवाढ अडकली. पण झोप लागायला लागली. कोसंबटोल्यात आता घरटी पाळी लावलीय. पाऊस लागला की रोज दुपारी एक घर पाळ ठोकतं, आणि पट्टीही तेच वाचतं. पुढच्या साली बीज टाकायला शेतकऱ्यांनीही हातभार लावला.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. सगळे घरी गेले आणि मी स्कूटी सुरू करणार, तोच पुन्हा ठक्, ठक्. या वेळी पाळेवर नाही, डांबरी रस्त्यावर. शिवणीच्या तलावाकडे जाणाऱ्या. माझ्या अकरापैकी दुसरा.

तेव्हापासून एकेक पाळ पायी चालून पाहतेय. कोसंबटोला धरून नऊ झाल्या. तीन ठिकाणी पोकळी सापडली, बुजवली. तिथल्या गावांनीही पाळ्या लावल्या. दोन राहिल्यात. या उन्हाळ्यात कामं फार, म्हटलं पुढच्या महिन्यात पाहू.

आज सकाळी क्वार्टरचं दार उघडलं. महिनाभर पावसाचा थेंब नाही, ओटा कोरडा ठणठणीत. आणि उंबऱ्याला लागून ओल्या चिखलाचे दोन गोल ठसे होते, काठीच्या टोकाएवढे.

चहा राहू दे. चल, बूट घाल.