उलट्या थांबल्यावर

दीपिकाचा देह शवविच्छेदनाहून घरी पोचायच्या आत गावाने मंगलीचा हात मोडला होता.

मंगलीने जंगलातून सात्या आणल्या होत्या, वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. तिने शेजारच्या सुनिल-दीपिकाला रात्री जेवायला बोलावलं. ताटावरच दीपिकाला उलट्या सुरू झाल्या. आठवडा उलटायच्या आत ती पिवळी पडली आणि गेली.

फौजदार मदीहा शेख मूलच्या ठाण्यातून चौकशीला आली. मंगली पडवीत हात छातीशी धरून बसली होती.

"मंगलीबाई, ती भाजी तुम्हीपण खाल्ली?"

"घरच्या सगळ्याइनं खाल्ली, मॅडम. कोणाले काई नाई झालं."

सुनिल घरामागच्या शेडमध्ये धिंगरी अळंबी पिकवायचा. तो म्हणाला, "त्याइले पचते. जंगलातले लोक हायेत."

"तुम्हीही जेवलात ना?"

"दोन घास. सोमवारचा उपास तिथंच सोडला."

"त्या सकाळी दीपिका काय जेवली?"

"मीच धिंगरीची भाजी करून देल्ली. रोजचीच."

"डॉक्टर तिला चंद्रपूरला न्या म्हणत होते. घरी का आणलं?"

"उलट्या थांबल्या होत्या. बरी दिसत होती."

मदीहा शेडमागे गेली आणि खताचा ढीग काडीने उकरू लागली. खाली एक सुकलेला पांढरा देठ सापडला. बुडाशी अंड्याच्या टरफलासारखी पिशवी होती. तो देठ तिने तपासणीला पाठवला.

अहवाल आल्यावर तिने सुनिलला ठाण्यात बोलावलं. मंगलीही तिथे होती.

"सात्यांचा देठ मुळासारखा निमुळता होत वारुळात उतरतो," मदीहा म्हणाली. "हा पिशवीत बसलेला. जहरी अळंबी. हेच जहर दीपिकाच्या शरीरात सापडलं. ते पोटात गेल्यावर कित्येक तास काहीच जाणवत नाही. तिला तर ताटावरच उलटी झाली. म्हणजे जहर मंगलीबाईंच्या ताटातलं नव्हतं, सकाळच्या ताटातलं होतं. ते तुम्ही वाढलं आणि उपासाच्या नावाखाली स्वतः खाल्लं नाही."

"ढिगावर काईबी उगवते. चुकून आली असंन भाजीत."

"चूक असती, तर तुम्ही तिला चंद्रपूरला नेलं असतं. या जहराने मधे उलट्या थांबतात, माणसाला बरं वाटतं, आणि आत यकृत सडत राहतं. धिंगरीच्या प्रशिक्षणात तुम्हाला हे शिकवलंय. मी शिकवणाऱ्यांना विचारून आले."



"सोडचिठ्ठी देत नव्हती," सुनिल म्हणाला.

"घरी आणल्यावर काय झालं?"

"मी पेज भरवत होतो. तिले वाटलं, मी बदललो. मायले फोन करून सांगे, येऊ नको, हे माही सेवा करून राह्यले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काई नाई. अजून पेज मागतली तिनं, मी वाढली."

मंगली उठली आणि मोडका हात सावरत बाहेर निघून गेली.