पात्यातली गुठळी

पोलादाहून मजबूत धागे ज्यात घातले होते, तेच पातं मोडलं. असं कसं झालं?

सन २०६३. सांगलीच्या जिल्हा स्पर्धेत शेवटच्या वळणावर शाल्मली सगळ्यांच्या पुढे होती. तिला जन्मापासून डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या जागी ती धावण्याचं काळं, वाकडं पातं लावायची. ते तिच्या आजोबांनी, डॉ. निनाद खाडिलकरांनी, घरामागच्या प्रयोगशाळेत बनवलं होतं. 'कट्' असा आवाज झाला आणि ती तोंडावर आपटली. बारा वर्षांखालच्या गटातली तिची ती शेवटची शर्यत होती.

चार दिवस ती आजोबांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच प्रयोगशाळेत गेली. आजोबा मोडलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बसले होते.

"जुनं साधं पातं दोन वर्षं टिकलं," ती म्हणाली. "यात तर तुम्ही ते भारी धागे घातले होते ना?"

"घातले होते. बस इथं." आजोबांनी तुकडा दाखवला. "हे संमिश्र आहे (वेगळे पदार्थ एकत्र बांधून केलेला पदार्थ). कार्बनच्या कापडाचे थर आणि त्यांना धरणारी राळ (वाळून कडक होणारा चिकट द्रव). कापड दणकट, पण राळ ठिसूळ. तडा तिच्यातूनच पळतो. म्हणून राळेत कार्बनचे नॅनोतंतू (केसाहून शेकडो पटींनी बारीक धागे) मिसळतात. तडा गेला की ते दोन्ही कडा धरून ठेवतात, फाटक्या कापडाला टाके घालावेत तसे."

"मग यांनी का नाही धरलं?"

आजोबांनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बोट केलं. तिथं काळे गोळे दिसत होते.

"पिठल्यात गुठळ्या होतात तसं दिसतंय."

"गुठळ्याच आहेत. इतके बारीक धागे एकमेकांनाच चिकटतात. गुठळीच्या आत राळ शिरत नाही, कोरडंच राहतं. तडा तिथूनच सुरू झाला."

"त्या मोडता येत नाहीत?"

"येतात. श्राव्यातीत ध्वनीनं (आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजानं) मिश्रण आठ तास हलवायचं." आजोबांनी चष्मा काढला. "मी तीन तासांत थांबवलं. शर्यत जवळ आली होती. वर धागेही जास्त घातले, म्हटलं आणखी मजबूत होईल. उलट गुठळ्याच वाढल्या. असं करू नका म्हणून चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगितलं, आणि..."

"रोज मीच विचारत होते, झालं का, झालं का."

"तू विचारणारच गं. नाही म्हणायचं काम माझं होतं."

त्या आठवड्यात दोघांनी निम्मेच धागे घेऊन राळ पूर्ण आठ तास हलवली. त्या राळेची पट्टी बनवून यंत्रात वाकवली. बारीक तडा निघाला, नखाएवढा सरकला आणि थांबला. पडद्यावर त्याच्या आरपार धागे ताणून उभे होते.

"ही त्या दिवशी असती तर..." आजोबा पुटपुटले.

"तर मी जिंकले असते," शाल्मली म्हणाली. तिला खोटी समजूत घालता येईना. मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मोठ्या गटात पळायचंय. पातं तुम्ही द्याल तेव्हाच नेईन."

आजोबांनी नव्या पात्याच्या मापासाठी टेप घेतली. शाल्मली गेल्या मापापेक्षा बोटभर उंच झाली होती.