दोघांची केबिन

मे महिन्यातल्या एका दुपारी, क्रांती चौकातल्या ट्रॅव्हल एजन्सीत बसून चारुता वडिलांसाठी बर्फ निवडत होती.

समोरच्या पडद्यावर नॉर्वेचा किनारा होता. काळे उभे कडे, त्यांच्या डोक्यावर बर्फ, पायथ्याशी शाईसारखं पाणी. हे आईला बघायचं होतं. जायकवाडी धरणावरच्या नोकरीत तुम्ही जन्मभर पाणीच मोजलंत, आता एकदा गोठलेलं पाणी दाखवा, असा टोमणा ती व्यंकटरावांना वर्षानुवर्षं मारत आली. होळीच्या दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवता ठेवता ती गेली. तेव्हापासून व्यंकटराव बोलेनासे झाले. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टरांनी चारुताला बाजूला घेऊन सांगितलं, यांना काहीतरी हवंसं वाटायला पाहिजे, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत. म्हणून ही बोटीची सफर. दिवाळीच्या सुट्टीत, बापलेक दोघंच.

एजन्सीतली मोनिका एकेक केबिन दाखवत होती. बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची. उजव्या बाजूची घ्या, किनाऱ्याचे डोंगर दिसतील, असं तिचं म्हणणं. चारुता हो म्हणणार, तोच शेजारी बसलेल्या व्यंकटरावांनी हात उचलला आणि डाव्या बाजूच्या एका केबिनवर बोट टेकवलं.

"ही. सकाळचं ऊन तोंडावर येणार नाही."

आई गेल्यापासून ते एका दमात इतकं बोलले नव्हते. चारुतानं लगेच तीच केबिन नक्की करायला सांगितली. सकाळचं ऊन आईला सोसायचं नाही, हे तिला नंतर आठवलं.

मोनिकानं विचारलं, पलंग सुटे ठेवायचे ना?

"जोडूनच ठेवा," व्यंकटराव म्हणाले.

मोनिकाचा माउसवरचा हात थांबला. "काका, मॅडम मुलगी ना तुमची?"

"हो. मुलगी."

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. चारुतानं घाईघाईनं सुटे पलंग सांगितले. एवढ्या वर्षांची सवय बोलून गेली, अशी तिनं मनाची समजूत घातली.

परत येताना रिक्षात उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या. रिक्षावाला फोनवर कुणाशी तरी दखनी उर्दूत भांडत होता.

"आम्हाला बरं वाटेल तिथं," व्यंकटराव बाहेर बघत म्हणाले.

चारुता शाळेत मराठी शिकवायची. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'आपण', त्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही', हे ती पोरांना दर वर्षी घोकायला लावी. आणि इथं ऐकणारी ती एकटीच होती.

"आपल्याला, बाबा."

जत्रेला येतो म्हणून हट्ट धरणाऱ्या पोराकडं बघावं तसं त्यांनी तिच्याकडं बघितलं.

त्या रात्रीपासून ते जेवू लागले. भाकरी मागून घ्यायला लागले, दाढी करायला लागले. समर्थनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये पुन्हा माणसाचा आवाज यायला लागला. आम्हाला गर्दी नको. आम्ही डेकवर नुसते बसून राहू. आम्हाला तिथलं मासळीचं जेवण चालायचं नाही, काही सोय बघ. चारुतानं दुरुस्त करणं सोडून दिलं. माणूस जेवतोय, एका शब्दासाठी कुठं अडायचं?

मग एका सकाळी ती त्यांच्या खोलीत फरशी पुसायला वाकली आणि तिनं हात मागं घेतला. फरशी गार होती. बाथरूमच्या भिंतीत नळ झिरपत असेल म्हणून तिनं सगळ्या भिंती चाचपल्या. कोरड्या होत्या. कूलर बंद होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि आत व्यंकटराव अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून आरामात पेपर वाचत होते. कपाळावर घामाचा टिपूस नाही.

फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. तिनं ती उचलली, उलटी केली. तेल हललं नाही. थिजून पांढरं झालं होतं.

बाटली घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर ठेवून बघत उभी राहिली. बघता बघता तेल कडेनं सुटलं आणि पाण्यासारखं पातळ झालं.

दुपारी त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू यायला लागलं. आवाज त्यांचा एकट्याचाच. पण दोन वाक्यांमध्ये ते थांबत, आणि ते थांबणं एखाद्या उत्तराएवढं लांब असे.

एका दुपारी ती दार लोटून आत गेली. व्यंकटराव पलंगाच्या अलीकडच्या काठावर बसले होते. पलीकडं भिंत.

"बाबा, आम्ही म्हणजे कोण?"

"हे काय विचारणं झालं? आम्ही दोघं." ते हसले. "तुझी शाळा असते. तू कुठं येतेस?"

"दिवाळीची सुट्टी आहे. माझं तिकीट काढलंय."

"दिवाळीपर्यंत कोण थांबतंय, चारू? आम्ही आधीच निघू."

मागून घेतलेली भाकरी, रोजची दाढी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस पोटभर जेवून घेतो.

"आणि मी?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला एकटीला ठेवून जाऊ नका."

व्यंकटरावांनी मान वळवली, भिंतीकडं. कशालाही हो म्हणण्याआधी ते जन्मभर अशीच मान स्वयंपाकघराकडं वळवत आले होते. त्यांनी ऐकून घेतलं. मान डोलावली.

"ती म्हणते, पोरीला कशाला मागं ठेवायचं? आपण तिघं मावू."

आपण.

चारुताला एकदम बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यानंच ती हादरली.

व्यंकटराव जागचे हलले नव्हते.

त्यांच्या पलीकडं चादरीवरच्या सुरकुत्या सावकाश सपाट झाल्या. मग भिंतीला अगदी लागून नव्या पडल्या.

मधे एका माणसापुरती जागा झाली.